वसतिगृहाविरुद्धच्या निवेदनावर सही करू का?

वाचकाचे पत्र

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या शहरात आमची चाळीसएक घरांची कॉलनी आहे. मी रहिवासी संघाची सचिव. गल्लीच्या टोकाची चार मजली इमारत समाजकल्याण विभागाने भाड्याने घेतली असून तिथे मागासवर्गीय मुलांचे शंभर जागांचे शासकीय वसतिगृह येणार आहे. संघातल्या काही जणांनी विरोधाचे निवेदन तयार केले आहे आणि सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा आहे. सचिव म्हणून पहिली सही माझी हवी, असा आग्रह आहे. आमच्या गल्लीत खासगी पीजी आधीपासून दोन आहेत, त्यांना कोणी कधी हरकत घेतली नाही, म्हणून मन धजावत नाही. दुसरीकडे रागही येतो. आम्ही खुल्या प्रवर्गातले, उत्पन्न वर्षाला ६ लाख ४० हजार. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, खोली घेऊन राहतो. त्याच्या वर्गातला जिवलग मित्र अनुसूचित जातीचा, त्याची फी पूर्ण माफ. माझ्या मुलाला अर्धी, आणि तीही मिळालेली नाही. पोर्टलवर 'मंजूर' दिसते, खात्यात काही नाही. कॉलेजने प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी भरून घेतली. हा कुठला न्याय? संघाच्या ग्रुपवर काल एकाने जातीचा उल्लेख करून घाण मेसेज टाकला, 'दुकानदारांना सांगून ठेवू, किराणासुद्धा द्यायचा नाही' असा. मी काय करू?

उत्तर

ताई, आहे त्या मजकुराखाली सही करू नका. इमारतीबद्दल खऱ्या शंका असतील तर त्यांचे वेगळे निवेदन लिहा आणि त्यावर पहिली सही खुशाल तुमची असू द्या. मुलाच्या पैशांचा प्रश्न मात्र या दोन्हींपासून तोडा. वसतिगृह रद्द झाले तरी त्यातला एक रुपया तुमच्या मुलाच्या खात्यात येणार नाही, कारण ते पैसे वेगळ्या विभागाचे, वेगळ्या लेखाशीर्षातले आहेत. त्याची शिष्यवृत्ती उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडून येते आणि वसतिगृह सामाजिक न्याय विभागाचे आहे. हे दोन राग एकत्र कालवले जातात तेव्हा मुलाचे काम अडते आणि वर कॉलनीवर गुन्हा दाखल व्हायची वेळ येते.

सोमवार जवळ आहे, म्हणून आधी निवेदनाचे बघू. तुम्ही पत्रासोबत जोडलेल्या मसुद्यात पाच मुद्दे आहेत. पहिला, 'अशा मुलांमुळे कॉलनीचे वातावरण बिघडेल.' दुसरा, 'महिला व मुलींची सुरक्षितता धोक्यात येईल.' तिसरा, 'घरांच्या किमती पडतील.' चौथा, 'पाणी व ड्रेनेजवर ताण येईल.' पाचवा, 'इमारत वसतिगृहास योग्य नाही.' यातले पहिले तीन काढून टाका. पहिल्या वाक्यातला 'अशा' हा शब्दच पूर्ण निवेदनाला बुडवायला पुरेसा आहे. अजून तिथे एकही मुलगा राहायला आलेला नाही, म्हणजे कोणाच्या वागण्याबद्दल तक्रार असूच शकत नाही. उरते ती फक्त त्यांच्या जन्माबद्दलची तक्रार. राज्यघटनेच्या कलम १९ ने तुम्हाला शांततेने जमण्याचा हक्क दिला आहे आणि त्याच कलमाने देशात कुठेही राहण्याचा हक्क त्या मुलांनाही दिला आहे. जिल्हाधिकाऱ्यांना पहिल्या मुद्द्यावर काहीही करता येत नाही. त्यांनी काही करावे अशी अपेक्षाही धरू नका.

सुरक्षिततेच्या मुद्द्याबाबत स्वतःला एकच प्रश्न विचारा: दोन पीजींत राहणाऱ्या मुलांबद्दल हाच मुद्दा संघाने कधी मांडला का? नसेल, तर तो इथेही मांडता येत नाही. खरे तर शासकीय वसतिगृहात गृहपाल असतो, हजेरी असते, प्रवेश गुणवत्तेवर होतो, आणि नियम मोडला तर प्रवेश रद्द होतो. पीजीत यातले किती असते ते तुम्ही रोज बघताच. आणि जागा कोणाला मिळतात तेही संघातल्या लोकांना सांगा. समाजकल्याणच्या वसतिगृहांत ऐंशी टक्के जागा अनुसूचित जातीच्या मुलांसाठी असतात. उरलेल्या वीस टक्क्यांत अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, विशेष मागास, आर्थिकदृष्ट्या मागास, अपंग आणि अनाथ मुले येतात. म्हणजे तालुक्याच्या गावाहून बारावीनंतर शहरात आलेली, खोलीचे भाडे न परवडणारी मुले. तुमचा मुलगाही पुण्यात कुणाच्या तरी कॉलनीत बाहेरून आलेला मुलगा म्हणूनच राहतो आहे.

चौथा आणि पाचवा मुद्दा मात्र चांगला आहे, फक्त तो मोघम आहे. 'ताण येईल' या वाक्यावर कोणताही अधिकारी 'नोंद घेतली' एवढेच लिहितो. आकडे घाला. निवासी वापरासाठी पाणीपुरवठ्याचा हिशेब माणशी रोज १३५ लिटरचा धरतात. शंभर मुलांचे झाले १३,५०० लिटर. तुमच्या गल्लीची जलवाहिनी किती व्यासाची, पाणी किती दिवसांआड आणि किती वेळ येते, इमारतीची टाकी किती लिटरची, हे लिहा आणि मागणी करा: स्वतंत्र नळजोडणी, एवढ्या क्षमतेची जमिनीखालची टाकी, आणि ड्रेनेजच्या जोडणीची नगरपालिकेकडून तपासणी, ही तिन्ही कामे मुले राहायला येण्याआधी पूर्ण व्हावीत. हे वाचून अधिकाऱ्याला पाणीपुरवठा विभागाला पत्र काढावेच लागते.

इमारतीच्या योग्यतेबाबत तीन कागद मागा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधून वापरायोग्य झाल्याचा दाखला आणि तिचा मंजूर वापर कोणता हे त्यावरून कळते. दुसरा अग्निशमनचा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली परवानाधारक संस्थेकडून आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे 'नमुना ब' प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. चार मजल्यांवर शंभर मुले झोपणार असतील तर जिने किती, बाहेर पडायची दुसरी वाट आहे का, खिडक्यांना न उघडणाऱ्या लोखंडी जाळ्या आहेत का, हे प्रश्न आधी त्या मुलांच्या जिवाचे आहेत. तुमची कॉलनी ते विचारणार असेल तर निवेदनाचा सूरच पालटतो. तिसरा कागद भाड्याचा: शासन खासगी इमारत घेते तेव्हा भाडे किती वाजवी हे सार्वजनिक बांधकाम विभाग ठरवून देतो. भाड्याच्या इमारतीत पुष्कळदा नेमकी हीच गडबड असते. पन्नास मुलांच्या सोयीची इमारत शंभर मुलांसाठी दाखवली जाते, मग एका खोलीत आठ-आठ खाटा लागतात आणि संडास बंद पडतात. याचा त्रास मुलांना होतो आणि मग गल्लीलाही होतो.

हे कागद माहितीच्या अधिकारात मिळतात. अर्ज समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला करा, १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे अग्निशमनचा प्रश्न नगरपालिकेकडे वेगळ्या अर्जाने विचारा. उत्तराची मुदत ३० दिवस. आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, तेही निष्फळ ठरले तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. लोक अर्जात 'का' विचारतात आणि उत्तर येते, 'माहितीच्या व्याख्येत बसत नाही.' म्हणून कारणे विचारू नका, कागद मागा: 'भाडेकराराची प्रत', 'मंजूर प्रवेशक्षमतेच्या आदेशाची प्रत'.

मोर्चाचे काय? मागण्या वर लिहिल्याप्रमाणे असतील तर चाळीस घरांच्या निवेदनाला मोर्चा लागतच नाही. पाच जणांचे शिष्टमंडळ, निवेदनाच्या दोन प्रती आणि आवक-जावक कक्षाचा शिक्का पुरतो. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तिथे विषय घ्यायचा तर अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, तेव्हा या सोमवारी जमले नाही तर पुढच्यासाठी द्या. तरीही काही जणांना चालत जायचेच असेल, तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज हवा: मार्ग, वेळ, अंदाजे संख्या, जबाबदार व्यक्तीचे नाव. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचा आदेश चालू आहे का हे ठाण्यात विचारून घ्या. सण, निवडणुका, परीक्षा यांच्या काळात तो बऱ्याचदा असतो, आणि असेल तर परवानगीशिवाय पाच माणसे जमणेही गुन्हा ठरतो. अर्जावर सचिवाची सही असली की प्रत्येक घोषणेची विचारपूस सचिवाकडे होते. घोषणा आणि फलक आधी कागदावर लिहून घ्या. ते लिहून द्यायला कोणी तयार नसेल तर त्या मोर्चाच्या अर्जावर सही करू नका.

आता ग्रुपवरच्या मेसेजबद्दल. या बाबतीत सर्वांत जास्त सावध राहा. जातीवरून सार्वजनिक ठिकाणी शिवीगाळ किंवा अपमान हा अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ च्या कलम ३ खाली गुन्हा आहे. २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणे, तशी धमकी देणे हेही त्यात आले. 'किराणासुद्धा द्यायचा नाही' ही नेमकी तशी भाषा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत, आणि या कायद्यात अटकपूर्व जामिनाला कलम १८ ने मनाई केली आहे. मेसेज टाकणाऱ्याला हे माहीत नसते, तो रात्री रागाच्या भरात लिहून मोकळा होतो. ग्रुपच्या ॲडमिनला केवळ तो ॲडमिन आहे म्हणून दुसऱ्याच्या मेसेजसाठी गुन्हेगार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. पण सामाईक हेतू दिसला तर गोष्ट वेगळी. आणि त्याच ग्रुपवर ठरलेल्या निवेदनाखाली, त्याच आठवड्यात, सचिव म्हणून तुमची पहिली सही असेल तर सामाईक हेतू नव्हता हे समजावत बसावे लागेल ते तुम्हालाच.

म्हणून आजच ग्रुपवर स्वतःच्या नावाने लिहा, की हा मेसेज संघाची भूमिका नाही, संघाला तो मान्य नाही. तो पुढे पाठवू नका. स्क्रीनशॉट मात्र तारखेसह जपून ठेवा. ज्याने लिहिले त्याला घरी जाऊन समोरासमोर सांगा. फोनवर असे बोलणे तुटते. मग संघाची बैठक बोलवा आणि इतिवृत्तात दोन ठराव घ्या: एक मेसेजचा निषेध करणारा, दुसरा नव्या निवेदनाच्या मसुद्याला मान्यता देणारा. बैठकीत 'आत्ता विषय वाढवू नका' असे म्हणणारे भेटतील. त्यांना अधिनियमाची प्रत वाचायला द्या.

आता न्यायाचा प्रश्न. तो तुम्ही मनापासून विचारला आहे आणि त्याला 'असे बोलू नये' हे उत्तर नाही. शिष्यवृत्तीच्या न्याय्यतेवर बोलायचा हक्क प्रत्येक करदात्याला आहे. फक्त तुलना करायची तर पूर्ण करावी.

तुमच्या मुलाच्या मित्राचे बघा. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अनुसूचित जातीसाठी २ लाख ५० हजार रुपये आहे. त्या आतल्या कुटुंबातल्या मुलाला नापरतावा अनिवार्य शुल्क आणि वर शैक्षणिक भत्ता मिळतो. इंजिनिअरिंगसारख्या पहिल्या गटातल्या अभ्यासक्रमाला हा भत्ता घरून ये-जा करणाऱ्यास वर्षाला ७,००० आणि वसतिगृहात राहणाऱ्यास १३,५०० रुपये. अडीच लाखांच्या वर उत्पन्न असेल तर महाराष्ट्रात फ्रीशिप आहे, म्हणजे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ, भत्ता नाही. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० मिळतात: ३२,००० जेवणाचे, २०,००० राहण्याचे, ८,००० निर्वाहाचे. राहण्याचे २०,००० म्हणजे महिना १,६६७ रुपये. पुण्यात त्यात खाटसुद्धा मिळत नाही, हे तुमच्या मुलाच्या भाड्यावरून तुम्हाला ठाऊक आहे. आणि हे पैसेही पुष्कळदा वर्ष सरता सरता येतात, मधले महिने घरचे उसने काढून भागवतात. 'त्यांना सगळे फुकट' या वाक्याचा खरा अर्थ एवढाच आहे.

मग ६ लाख उत्पन्नाच्या दलित कुटुंबालाही फी माफ आणि आमच्या ६ लाखांना अर्धी, हे का? कारण ही मदत केवळ गरिबीसाठी नाही. घटनेच्या कलम १५ चे चौथे उपकलम १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीने आले, ते पिढ्यानपिढ्या शिक्षणाबाहेर ठेवलेल्या समूहांसाठी. गरिबीच्या निकषावरची तरतूद, सहावे उपकलम, २०१९ मध्ये आली. दोन वेगळ्या हानी, दोन वेगळे उपाय. तुमच्या कॉलनीचे निवेदनच पाहा: सहा लाख मिळवणाऱ्या दलित कुटुंबाचा मुलगा उद्या या गल्लीत खोली शोधायला आला, तर त्याला 'अशा' मुलांत धरले जाईल की नाही? तुमच्या मुलाला पुण्यात खोली शोधताना आडनावावरून नकार मिळाला का? उत्पन्न सारखे असूनही जे सारखे नसते, ते हे.

याचा अर्थ तुमची तक्रार खोटी असा नाही. आठ लाखांची मर्यादा ही कड्यासारखी आहे: ७ लाख ९० हजारांना अर्धी फी, ८ लाख १० हजारांना शून्य. मुलाला पन्नास टक्के आणि त्याच घरातल्या मुलीला शंभर टक्के. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आणि केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून (शासनाच्या सामाईक प्रवेशफेऱ्यांतून) व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. ती सवलत कोणाच्या ताटातले काढून दिली गेली नाही, मागणी झाली म्हणून मिळाली. मुलांसाठीही टप्प्याटप्प्याने वाढ मागा, आठ लाखांच्या वर एकदम शून्यावर आणण्याऐवजी उतरती सवलत मागा, आम्ही त्या मागणीच्या बाजूने आहोत. मात्र ती शुल्काची मागणी म्हणून उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे जायला हवी. वसतिगृहाच्या फाटकावर ती पोचत नाही. कोल्हापुरात १९०१ पासून शाहू महाराजांनी मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या समाजांची मुले अशी एकेकाची वसतिगृहे उभी केली आणि भर शहरात केली. तुमच्या मुलाची योजना त्यांच्याच नावाने आहे.

राहिले मुलाचे पैसे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला सगळे अजून 'ईबीसी'च म्हणतात, ती आठ लाखांच्या आतल्या कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांना आणि केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या जागेवरच मिळते. मॅनेजमेंट कोट्याला ती नाही. यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) प्रमाणपत्र नसले तरी ही शिष्यवृत्ती अडत नाही. मिळते ते शिक्षण शुल्काच्या निम्मे. विकास शुल्क त्यात धरत नाहीत. फी १ लाख १० हजार असेल आणि त्यात १० हजार विकास शुल्क असेल, तर हिशेब १ लाखावर: ५०,०००, साधारणपणे दोन हप्त्यांत. बरेच पालक ५५ हजार धरून बसतात आणि पाच हजार कोणी खाल्ले म्हणून भांडतात.

'मंजूर दिसते, खात्यात नाही' याचे नेहमीचे कारण बँकेत असते. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधार क्रमांकावर जातात. त्या आधारला एनपीसीआयच्या (बँकांमधली पेमेंट व्यवस्था चालवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत जे खाते जोडलेले असेल तिथे ते पडतात, आणि ही जोडणी एका वेळी एकाच बँकेची असते, शेवटी केलेल्या बँकेची. मुलाने पुण्यात मोबाइलवरून एखादे नवे पेमेंट बँकेचे खाते उघडले आणि उघडताना अनुदानाच्या संमतीवर टिचकी मारली, की जोडणी तिकडे सरकते. बँकेतला माणूस 'आधार लिंक आहे' म्हणतो तेव्हा तो केवायसीबद्दल बोलत असतो, ती वेगळी गोष्ट. मुलाला माय आधार संकेतस्थळावर ओटीपीने लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस', म्हणजे आधारला अनुदानासाठी कोणते खाते जोडले आहे ते, बघायला सांगा. तिथे बँकेचे नाव आणि 'ॲक्टिव्ह' की 'इनॲक्टिव्ह' ते दिसते. दुसऱ्याच बँकेचे नाव आले तर आधी त्या खात्याचे स्टेटमेंट काढा, पैसे कदाचित तिथेच पडून असतील. इनॲक्टिव्ह असेल तर हव्या त्या बँकेत 'डीबीटीसाठी आधार सीडिंग' असा स्पष्ट शब्द असलेला फॉर्म भरून पोच घ्या. आणखी एक घोळ शाळेत असताना काढलेल्या अपुऱ्या केवायसीच्या छोट्या खात्यांचा: त्यात शिल्लक ५०,००० च्या वर राहू शकत नाही, वर्षभरात एकूण जमा एक लाखाच्या वर जात नाही, आणि मोठा हप्ता परत जातो. पूर्ण केवायसी करून घेतली की हे सुटते. पोर्टलवर अर्जापुढे व्हाउचर दिसत असेल तर ते मुलाने स्वतः रिडीम केले आहे का तेही बघा.

सीडिंग बरोबर असेल तर अर्ज मंजुरीच्या वाटेवर कुठेतरी अडला आहे. कॉलेजचा लिपिक, प्राचार्य, मग तंत्रशिक्षण संचालनालयाचे विभागीय कार्यालय अशी ती वाट आहे. बहुतेक अर्ज पहिल्या पायरीवर तुंबतात किंवा दुरुस्तीसाठी परत येतात आणि मुलगा पोर्टल उघडतच नाही. नावातला फरक हे त्याचे मोठे कारण: आधारवर वडिलांचे नाव पूर्ण, दहावीच्या गुणपत्रिकेवर अद्याक्षर. महिन्यातून एकदा तरी त्याने लॉगिन करून बघावे. तक्रार पोर्टलच्याच तक्रार विभागात अर्ज क्रमांकासह टाका. महिनाभरात काही हलले नाही तर 'आपले सरकार'वर करा, तिथे २१ दिवसांत उत्तर अपेक्षित असते. तेही नाही तर माहिती अधिकार, पण तो कॉलेजला न लिहिता विभागीय कार्यालयाला. खासगी विनाअनुदानित कॉलेज 'आम्हाला कायदा लागू नाही' म्हणून हात झटकू शकते.

कॉलेजने पूर्ण फी घेतली ती चूक आहे. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी निम्मेच शिक्षण शुल्क घ्यावे असे शासनाचे निर्देश आहेत. या वर्षापुरते झाले ते झाले. भरलेल्या फीची शीर्षवार पावती मागा, म्हणजे शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क वेगवेगळे लिहिलेली. हप्ता आल्यावर कॉलेज 'तो इकडे भरा' म्हणेल, कारण त्यांच्या नोंदीत सगळ्या शिष्यवृत्तीधारकांकडे तेवढी बाकी दिसते. तुमची पूर्ण फी भरलेली आहे, पैसे तुमचे आहेत, आणि ते सिद्ध होईल ते या पावतीने. पुढच्या वर्षी प्रवेश नूतनीकरणाच्या वेळी मंजूर अर्जाची छापील प्रत जोडून निम्मेच शुल्क स्वीकारण्याचे लेखी पत्र द्या. नाही म्हणाले तर तो नकार लेखी मागा आणि त्याची प्रत विभागीय सहसंचालकांना पाठवा. मूळ गुणपत्रिका किंवा दाखले फीच्या बाकीसाठी अडवून ठेवायची संस्थेला मुभा नाही, यूजीसी आणि एआयसीटीई या उच्च शिक्षणाच्या दोन्ही नियामक संस्थांनी तसे सांगितलेले आहे.

मुलगा घर सोडून खोलीत राहतो, तेव्हा त्याच पोर्टलवर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचाही अर्ज भरायला लावा. ती याच गटातल्या मुलांसाठी आहे आणि ईबीसी मिळते म्हणून ती नाकारली जात नाही. भाडेकरार किंवा घरमालकाचे पत्र, पुण्यात राहत असल्याचा पुरावा आणि कॉलेजचे बोनाफाइड तयार ठेवा. अल्पभूधारक शेतकऱ्याचा किंवा नोंदणीकृत मजुराचा मुलगा असेल तर भत्त्याचा दर जास्त असतो, तुमच्या नावावर सातबारा असल्यास तहसील कार्यालयातून अल्पभूधारकाचा दाखला काढून घ्या. दोन्ही अर्जांचे नूतनीकरण दर वर्षी नव्याने करावे लागते, ते आपोआप होत नाही. शेवटची तारीख बऱ्याचदा वाढते खरी, पण त्या भरवशावर थांबलेल्यांचेच वर्ष जाते. निकाल लागला की त्याच आठवड्यात भरा, आणि त्याच्या मित्रालाही शेजारी बसवून त्याचा अर्ज तपासून घ्यायला सांगा, कारण लिपिकाच्या टेबलावर दोघांचेही अर्ज तितकेच अडतात.